ऊर्जा गमावून तापणारा तारकागुच्छ

प्रश्न विचारणारा विद्यार्थी एमएस्सीला आहे आणि त्याची अडचण थोडक्यात अशी: स्टॅटिस्टिकल मेकॅनिक्सच्या (असंख्य कणांच्या वागण्यातून उष्णतेचे नियम काढणाऱ्या शास्त्राच्या) तासाला त्याने स्वतः सिद्ध केलं की उष्णताधारकता, म्हणजे तापमान एका अंशाने वाढवायला लागणारी उष्णता, नेहमी धन असते. त्याच सत्रात खगोलभौतिकीच्या तासाला सांगितलं गेलं की तारकागुच्छाची उष्णताधारकता ऋण असते. दोन्ही एकदम खरं कसं? ऊर्जा काढून घेतल्यावर तापणारी वस्तू थर्मोडायनॅमिक्सच्या दुसऱ्या नियमात (उष्णता आपोआप गरमाकडून थंडाकडेच जाते) बसते का? आणि अशा गुच्छाचा शेवटचा समतोल कोणता?

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण पहिल्या दोघांची गाठ तिथेच सुटते. असा शेवटचा समतोल नाहीच. पेटीतल्या वायूचं गणित करताना आपण मुक्काम कुठे आहे ते शोधतो, प्रवासाची चिंता करत नाही. गुरुत्वाकर्षणाने बांधलेल्या ताऱ्यांना मुक्कामच नाही. तिथे विचारायचं ते हे, की बदल किती वेगाने होतोय आणि त्याला वाटेत कोण अडवतंय. गेली पंचवीस वर्षं मी हेच काम करते आहे आणि प्रत्येक नव्या गुच्छाला हेच दोन प्रश्न आधी विचारते.

ऋण उष्णताधारकता म्हणजे काय ते बघायला तारे लागत नाहीत, एक उपग्रह पुरतो. पृथ्वीपासून ४०० किलोमीटर उंचीवर त्याचा वेग सेकंदाला ७.६७ किलोमीटर असतो. तिथेही विरळ हवा आहे. ती त्याला अडवते, तो हळूहळू खाली येतो. २०० किलोमीटरवर पोचतो तेव्हा वेग भरतो ७.७८. हवेने अडवलं आणि वेग वाढला! एका किलोमागचा हिशेब मांडून बघ. स्थितिज ऊर्जा १.७९ मेगाज्यूलने घटली. त्यातले ०.८९ हवा तापवण्यात गेले आणि जवळपास तेवढेच गतिज ऊर्जेत जमा झाले. गमावलं त्याहून दुप्पट खाली घसरल्यामुळे मिळालं, म्हणून वेग वाढला.

गुच्छातही हेच घडतं, फक्त एकाऐवजी लाखभर तारे असतात. व्हिरियल प्रमेय सांगतं की स्थिरावलेल्या गुच्छात गतिज ऊर्जेची दुप्पट आणि स्थितिज ऊर्जा यांची बेरीज शून्य असते. म्हणून एकूण ऊर्जा म्हणजे उणे गतिज ऊर्जा. ताऱ्यांच्या सैरावैरा वेगालाच तापमान म्हणायचं ठरवलं, तर एकूण ऊर्जा घटली की तापमान वाढणार, यातून सुटका नाही. (केल्विनमध्ये ते मोजायला जाऊ नकोस. अर्ध्या सूर्याएवढा तारा, कोणत्याही एका दिशेतला वेग सेकंदाला १० किलोमीटर धरला तर सातावर साठ शून्यं येतात. आकडा बरोबर आहे, पण तो ताऱ्यांच्या गर्दीचा आहे. ताऱ्याच्या आतल्या वायूच्या तापमानाशी त्याचा संबंध नाही.) हाच गुण सूर्याला सांभाळतो. गाभ्यात अणुसंमीलन जरा जास्त झालं तर गाभा फुगतो, थंड होतो आणि संमीलन आपोआप मंदावतं. उष्णताधारकता धन असती तर ही लगाम उरली नसती.

आता वर्गातल्या सिद्धतेकडे. ती चुकलेली नाही. कॅनॉनिकल एन्सेम्बलमध्ये, म्हणजे ठरलेल्या तापमानाच्या हिशेबात, उष्णताधारकता ऊर्जेच्या चढउतारांच्या वर्गाच्या सरासरीतून येते, आणि वर्ग ऋण असू शकत नाही. पण ती सिद्धता सुरू होण्याआधी एक गोष्ट न बोलता मान्य केलेली असते: वस्तू एका अजस्र उष्णतासाठ्याला टेकलेली आहे आणि तिथे सुखाने नांदते आहे. गुच्छ तिथे नांदूच शकत नाही. साठ्याकडून त्याने चुकून थोडी उष्णता घेतली तर तो थंड होईल. थंड झाला म्हणून आणखी उष्णता त्याच्याकडे येईल, तो आणखी थंड होईल, आणि फुगत फुगत विखरून जाईल. उलट थोडी उष्णता दिली तर तापत, आकसत जाईल. ऋण उष्णताधारकतेची वस्तू फक्त एकटी, ठरलेल्या ऊर्जेवर टिकते, म्हणजे मायक्रोकॅनॉनिकल एन्सेम्बलमध्ये. वायूसाठी दोन्ही एन्सेम्बलची उत्तरं एकच येतात म्हणून आपण त्यांत फरक करायचं सोडून देतो. इथे ती वेगळी येतात.

वेगळी का येतात? कपभर चहा दोन कपांत अर्धा-अर्धा ओतला तर तापमान तेच राहतं, ऊर्जा निम्मी-निम्मी होते. कारण एका कणाचं नातं शेजारच्या चार कणांशी असतं. कापलेल्या पृष्ठभागावरची नाती तेवढी तुटतात, बाकी आत शाबूत. गुच्छात प्रत्येक तारा प्रत्येकाला ओढतो. गुच्छ मधोमध कापला तर तुटलेली नाती पृष्ठभागापुरती राहत नाहीत, सगळीकडून तुटतात. ऊर्जा वस्तुमानाच्या वर्गावर जाते, त्यामुळे 'अर्ध्या गुच्छाची अर्धी ऊर्जा' या वाक्याला अर्थ उरत नाही. पुस्तकातला जवळजवळ प्रत्येक सोपेपणा, भागांच्या ऊर्जांची बेरीज म्हणजे सगळ्याची ऊर्जा, या एका गोष्टीवर उभा आहे.

यावर माझ्या मनात कायमचं बसलेलं उदाहरण थाणू पद्मनाभन यांचं. नंतर ते पुण्यात आयुका या खगोलशास्त्र संस्थेत आले, पण १९९० साली मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत असताना त्यांनी गुरुत्वीय प्रणालींच्या स्टॅटिस्टिकल मेकॅनिक्सवर एक दीर्घ आढावा लिहिला. त्यात त्यांनी लाखो तारे बाजूला ठेवून फक्त दोन कण घेतले: पेटीत बंद, एकमेकांना ओढणारे, आणि ठरावीक अंतरापेक्षा जवळ न येणारे. हे गणित तू एका दुपारी वहीत करू शकतोस, आणि करच. सर्वांत खोल, म्हणजे दोघे एकमेकांना चिकटलेले असतानाची ऊर्जा उणे १ धर. एकूण ऊर्जा उणे क्ष असेल, आणि कण अजून पेटीच्या भिंतीपर्यंत पोचत नसतील, तर किती अवस्था उपलब्ध आहेत हे मोजून तापमानासाठी एवढंच उरतं: १ भागिले (३/(१−क्ष) + १/क्ष).

आता आकडे घाल. क्ष ०.९ असताना तापमान ०.०३२. ऊर्जा वाढवली, क्ष ०.५ झाला, तापमान ०.१२५. इथपर्यंत सगळं ओळखीचं. क्ष ०.३६६ ला तापमान ०.१३४ होतं, आणि तिथून पुढे ऊर्जा वाढवत गेलं तरी ते उतरायला लागतं: क्ष ०.२ ला ०.११४, ०.१ ला ०.०७५, ०.०५ ला ०.०४३. या उतारावर उष्णताधारकता ऋण आहे. ऊर्जा आणखी वाढली की कण भिंतीवर आपटू लागतात, पेटीतल्या साध्या वायूसारखे वागतात आणि तापमान परत चढतं. फक्त दोन कण, आणि सगळी गोष्ट त्यांच्यात आहे! हेच दोन कण उष्णतासाठ्याला टेकव. मधला उतार पूर्ण गायब होतो आणि त्याच्या जागी एका अरुंद तापमानपट्ट्यात चिकटलेल्या अवस्थेतून सुट्या अवस्थेत झपकन उडी दिसते, पाणी उकळताना दिसते तशी. तुझी सिद्धता आणि तुझ्या प्राध्यापकांचं विधान, दोन्ही एकाच आलेखावर बसतात.

दोनावरून लाखावर जाऊ. १९६२ साली सोव्हिएत गणिती वादिम अँटोनोव्ह यांनी दाखवलं की गोलाकार पेटीत बंद केलेल्या ताऱ्यांसाठी एन्ट्रॉपीचा (उपलब्ध अवस्था किती आहेत याच्या मापाचा) सर्वोच्च बिंदू अस्तित्वातच नाही. फार तर एखादी स्थानिक टेकडी सापडते, आणि तीही मध्याची घनता कडेच्या घनतेच्या ७०९ पटींपेक्षा कमी असेल तोवरच. १९६८ साली डोनाल्ड लिंडन-बेल आणि रॉजर वुड यांनी या अस्थिरतेमागचं भौतिक कारण उलगडलं आणि तिला गुरुत्व-औष्णिक आपत्ती असं नाव दिलं.

कारण इतकं सरळ आहे की एका कागदावर मावतं. गुच्छाचा गाभा स्वतःच्या गुरुत्वाने बांधलेला, म्हणून त्याची उष्णताधारकता ऋण, समज उणे १. बाहेरचं आवरण गाभ्याच्या गुरुत्वात पेटीतल्या वायूसारखं, म्हणून धन. गाभा जरा जास्त तापला आणि त्यातून ६ एकक उष्णता आवरणात गेली. गाभ्याचं तापमान ६ ने वाढलं. आवरण लहान, उष्णताधारकता ०.५ असेल तर ते १२ ने तापलं, गाभ्याला गाठून पुढे गेलं, प्रवाह थांबला. आवरण मोठं, उष्णताधारकता ३ असेल तर ते फक्त २ ने तापलं. आधीपेक्षा फरक वाढला, म्हणून आणखी उष्णता बाहेर, गाभा आणखी तापणार, आणखी आकसणार. ७०९ हा आकडा म्हणजे आवरण पुरेसं मोठं होण्याची सीमा.

दुसरा नियम इथे मोडत नाही, उलट तोच हे घडवतो. उष्णता गरमाकडून थंडाकडेच जाते आहे. आकसणाऱ्या गाभ्याची एन्ट्रॉपी घटते हे खरं, पण त्याने दिलेल्या ऊर्जेवर पसरणाऱ्या आवरणाची त्याहून जास्त वाढते. दोन तारे हवे तेवढे जवळ आणता आले, तर त्यांच्याकडून हवी तेवढी ऊर्जा काढून बाकीच्यांना वाटता येईल आणि एन्ट्रॉपी हवी तेवढी वाढवता येईल. कमाल मर्यादा नाही म्हणूनच समतोल नाही. शिवाय खऱ्या आकाशात पेटीही नसते. व्हिरियल प्रमेयातून निसटण्याचा वेग ताऱ्यांच्या वर्गमूळ-सरासरी वेगाच्या (वेगांच्या वर्गांच्या सरासरीचं वर्गमूळ) दुप्पट येतो, आणि मॅक्सवेल वितरणात, म्हणजे समतोलाकडे गेलेल्या कणांच्या वेगांच्या वाटणीत, ०.७ टक्के तारे त्याच्याही वर असतात. ते निघून जातात, मागे उरलेल्यांच्या गाठीभेटींतून वितरणाची ती वेगवान शेपटी पुन्हा भरते, आणि पुन्हा रिकामी होते. १९३८ मध्ये व्हिक्टर अंबार्तसुमियन यांनी ही गळती ओळखली होती.

मग हे सगळं किती काळात होतं? मला या विषयातला सर्वांत महत्त्वाचा भाग हाच वाटतो आणि वर्गात तो शेवटच्या दहा मिनिटांत उरकला जातो. ताऱ्यांची प्रत्यक्ष टक्कर जवळजवळ होत नाही. दुरून जाताना एकमेकांच्या ओढीने वाट किंचित वळते आणि असे लाखो किंचित मिळून ताऱ्याला त्याचा मूळ वेग विसरायला लावतात. त्याला लागणाऱ्या वेळाला रिलॅक्सेशन टाइम म्हणतात. सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांनी १९४२-४३ च्या सुमारास हे गणित नीट बांधलं. त्यातच त्यांना हेही दिसलं की जड ताऱ्याला आजूबाजूच्या ताऱ्यांचा मागून ओढा बसतो आणि तो घर्षण झाल्यासारखा मंदावून मध्याकडे उतरतो. ढोबळ नियम असा: एका ताऱ्याला गुच्छ एकदा ओलांडायला जेवढा काळ लागतो, त्याला ताऱ्यांच्या संख्येने गुणायचं आणि त्या संख्येच्या नैसर्गिक लॉगॅरिदमच्या आठपटीने भागायचं.

लाखभर ताऱ्यांचा बंदिस्त तारकागुच्छ (दाट, गोलसर, जुना गुच्छ) घे. ओलांडायला १० लाख वर्षं धरली तर सुमारे ११०० फेऱ्या, म्हणजे ११० कोटी वर्षं येतात. असे गुच्छ हजार-बाराशे कोटी वर्षं जुने आहेत, म्हणजे एक रिलॅक्सेशन टाइम हा एक तास धरला तर या घड्याळाचे दहाएक तास होऊन गेले. सारख्या वस्तुमानाच्या ताऱ्यांच्या गुच्छाचा गाभा कोसळायला असे पंधरा-सोळा तास लागतात, आणि वस्तुमानं वेगवेगळी असतील तर बरेच कमी. त्यामुळे काही गुच्छांत गाभा कोसळून गेलेला असायला हवा. आता आपली आकाशगंगा घे. १०० अब्ज तारे, ओलांडायला १० कोटी वर्षं. पन्नास कोटी फेऱ्या हव्यात. विश्वाच्या १३८० कोटी वर्षांत झाल्या जेमतेम १४०. दीर्घिकेला दोन ताऱ्यांच्या गाठीभेटींतून येणारं थर्मोडायनॅमिक्स लागूच पडत नाही.

तरीही लंबवर्तुळी दीर्घिका इतक्या एकसारख्या आणि गुळगुळीत का दिसतात? लिंडन-बेल यांनी १९६७ मध्ये याचं उत्तर सुचवलं. दीर्घिका तयार होताना सगळं वस्तुमान एकदम आत कोसळतं, उसळतं, आणि गुरुत्वाची विहीरच वरखाली हलते. हलत्या विहिरीत कोणत्याच ताऱ्याची ऊर्जा कायम राहत नाही, आणि काही फेऱ्यांतच सगळ्यांची सरमिसळ होते. हलका-जड भेद इथे चालत नाही, कारण विहीर सगळ्यांना सारखीच हलवते. पण हे पूर्ण होण्याआधीच विहीर शांत होते आणि सरमिसळ अर्ध्यावर थांबते. शेवटची अवस्था सुरुवातीची काही आठवण बाळगून राहते. एन्ट्रॉपी कमाल करून दीर्घिकेचा आकार काढायचे पुष्कळ प्रयत्न झाले. माझं मत असं की त्यांतून गणिताची समज वाढली, दीर्घिकेची फारशी नाही.

बंदिस्त गुच्छाकडे परत येते, कारण तिथे कोसळणाऱ्या गाभ्याला कोण अडवतं हे सांगायचं राहिलं. मी शिकत असताना संगणकावर १००० ताऱ्यांच्या गुच्छाचं अनुकरण चालवत होते. तीन दिवस सुरळीत चाललेला प्रोग्रॅम एका रात्री जवळजवळ थांबला. वेळेची पावलं सूक्ष्म होत गेली, ऊर्जेच्या हिशेबातली चूक वाढत गेली. मला वाटलं प्रोग्रॅममध्ये दोष आहे. जवळच्या अंतरावर गुरुत्व मऊ करणारी एक छोटी संख्या सूत्रात घातली आणि सगळं झरझर धावू लागलं. आलेख घेऊन मार्गदर्शकांकडे गेले. त्यांनी गाभ्याच्या त्रिज्येवर बोट ठेवून विचारलं, "हा नेमका इथेच येऊन का थांबतो?" तो थांबत होता मी घातलेल्या त्या संख्येपाशी. निसर्ग जे करत होता ते मी पुसून टाकलं होतं, आणि माझा स्वतःचा आकडा मला उत्तर म्हणून परत मिळाला होता.

ती संख्या काढून टाकल्यावर दिसलं की प्रोग्रॅम अडवणारा एक जोडतारा होता. गाभा दाट झाला की तीन तारे एकाच वेळी जवळ येतात, एक उरलेल्या दोघांची जास्तीची ऊर्जा घेऊन पळतो आणि मागचे दोघे एकमेकांना बांधले जातात. जवळून जाणारा पाहुणा तारा सरासरीने त्यांच्याकडून ऊर्जा घेऊन, म्हणजे वेगवान होऊन निघतो, आणि जोडी आणखी घट्ट होते. १९७५ मध्ये डग्लस हेगी यांनी याचा नियम मांडला: पाहुण्यांच्या सरासरी गतिज ऊर्जेपेक्षा घट्ट बांधलेली जोडी अधिक घट्ट होत जाते, सैल जोडी अधिक सैल होऊन तुटते. पुन्हा तीच ऋण उष्णताधारकता, या वेळी फक्त दोन ताऱ्यांची. गुच्छाच्या मध्यावर ऊर्जेचा झरा लागतो हे मिशेल एनाँ यांनी १९६१ मध्येच ओळखलं होतं.

हा झरा किती मोठा असतो? जोडताऱ्याची बंधनऊर्जा अख्ख्या गुच्छाच्या ऊर्जेएवढी व्हायची तर दोघांमधलं अंतर गुच्छाच्या व्हिरियल त्रिज्येच्या (एकूण स्थितिज ऊर्जेवरून ठरणाऱ्या आकाराच्या) दुप्पट भागिले ताऱ्यांच्या संख्येचा वर्ग एवढं असावं लागतं. १००० तारे, त्रिज्या एक पार्सेक, म्हणजे २,०६,२६५ खगोलीय एकक (पृथ्वी-सूर्य अंतर म्हणजे एक एकक). उत्तर येतं ०.४१ खगोलीय एकक, जवळजवळ सूर्य आणि बुध यांच्यातलं अंतर. सव्वातीन प्रकाशवर्षं त्रिज्येच्या हजार ताऱ्यांना बांधून ठेवणारी सगळी ऊर्जा बुधाच्या कक्षेएवढ्या जागेत फिरणाऱ्या दोन ताऱ्यांच्या खिशात! हा हिशेब पहिल्यांदा जुळला तेव्हा मी तो तीनदा तपासला होता.

झरा वाहू लागला की गाभा कोसळायचा थांबतो आणि पसरतो. पसरला की थंड होतो, आवरणापेक्षाही थंड झाला तर उष्णता उलट आत वाहू लागते आणि तो आणखी फुगतो. मग पुन्हा आकसायला लागतो. हे हेलकावे बेटविझर आणि सुगिमोतो यांनी १९८४ मध्ये गुच्छाला सलग वायू मानून दाखवले. ताऱ्यांचे सुटे कण घेऊन तेच दिसतं का, हे ठरायला १९९६ उजाडलं. जुनिचिरो माकिनो यांनी टोकियोत फक्त गुरुत्वाचा जोर काढण्यासाठी बांधलेल्या ग्रेप-४ या संगणकावर सुमारे ३२ हजार कणांचा गुच्छ चालवला आणि हेलकावे दिसले.

आकाशातही याच्या खुणा आहेत. आपल्या आकाशगंगेतल्या साधारण दीडशे बंदिस्त गुच्छांपैकी पाचवा हिस्सा असा आहे की त्यांच्या मध्याकडे जावं तसा उजेड सपाट न होता वाढतच जातो. एम-१५ त्यांतला. ऑक्टोबरच्या अखेरीस संध्याकाळी महाश्वातल्या एनिफ ताऱ्याजवळ तो महाराष्ट्रातून जवळपास डोक्यावर असतो, साध्या द्विनेत्रीतही धुरकट ठिपक्यासारखा दिसतो. न कोसळलेला बघायचा असेल तर मे महिन्यात रात्री दहा-साडेदहाला दक्षिण क्षितिज मोकळं असलेल्या जागी जा. नरतुरंगातला ओमेगा सेंटॉरी पुण्याहून २४ अंश वर चढतो, अंधारात नुसत्या डोळ्यांनाही दिसतो. त्यात कोटीभर तारे आहेत, त्याचं घड्याळ इतकं सावकाश चालतं की निम्म्या वस्तुमानाच्या त्रिज्येवरचा रिलॅक्सेशन टाइम विश्वाच्या वयाच्या आसपास जातो. म्हणून त्याचा गाभा अजून मोठा आणि सैल आहे.

पुढे काय करायचं असं विचारशील तर आधी ते दोन कणांचं गणित कर. मग ५०० कणांचा गुच्छ संगणकावर चालव, गुरुत्व मऊ न करता आणि प्रत्येक कणाला त्याची वेगळी वेळेची पावलं देऊन. आतल्या १, १० आणि ५० टक्के वस्तुमानाच्या त्रिज्या एकाच आलेखावर काढ. ५० टक्क्यांची रेघ सावकाश वर जाताना आणि १ टक्क्याची खाली धावताना दिसेल. ती जिथे अचानक वळेल त्या क्षणी प्रोग्रॅम थांबवून सर्वांत घट्ट बांधलेली जोडी शोध आणि त्या दोघांमधलं अंतर वरच्या सूत्राशी ताडून बघ.